सशाच्या दाढांसाठी २३,५०० रुपयांचा अंदाज दिलाय. यातलं काय टाळता येईल आणि काय टाळू नये?

अंगणातला_ससा

ससा नर, वय साडेतीन वर्षं, खच्चीकरण केलेलं नाही. दीड महिन्यापूर्वी वजन २.१ किलो होतं, आज १.८ भरलं. दोन आठवड्यांपासून हनुवटी ओली असते आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून गुठळ्या झाल्यात. गवत तोंडात घेतो, दोनदा चावतो आणि टाकून देतो. कोथिंबीर खातो. लेंड्या पूर्वी वाटाण्याएवढ्या असायच्या, आता मिऱ्याएवढ्या झाल्यात आणि कमीही.

डॉक्टरांनी कानात बघायच्या यंत्राचं नळकांडं तोंडात घालून पाहिलं. डाव्या बाजूच्या खालच्या दाढेला टोक आलंय, ते जिभेला लागतंय आणि तिथे जखम आहे, असं निदान आहे. भूल देऊन दाढा घासाव्या लागतील. अंदाज असा:

तपासणी ८००, रक्त २,२००, डोक्याचे एक्स-रे १,८००, भूल आणि दाढा घासणं ९,५००, तीन दिवस दवाखान्यात ठेवणं ७,५००, औषधं १,७००. एकूण २३,५००.

हाताशी १२,००० आहेत. विचारायचं ते असं. यातलं काय कमी करता येईल? तीन दिवस ठेवणं गरजेचं आहे का? एकदा भूल देतोच आहोत तर खच्चीकरणही त्यातच उरकलं तर पुढचा खर्च वाचेल का? पुणे परिसरात यापेक्षा कमी खर्चाची जागा आहे का? हे पुन्हा पुन्हा करावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, त्याची तजवीज लोक कशी करतात? आणखी एक, खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर डावीकडे खडबडीत उंचवटे लागतात.

केना

सगळ्यात आधी एक पाहा. शेवटची लेंडी कधी टाकली? १२ तास लेंडी नाही आणि खाणंही बंद, असं झालं तर हा धागा मिटा आणि दवाखान्यात जा. सशाचं आतडं थांबलं की दुखण्यामुळे तो खात नाही, न खाल्ल्यामुळे आतडं आणखी थांबतं, आणि दहा हजारांचं काम दोन दिवसांत तीस हजारांचं होतं. घरातला साधा डिजिटल थर्मामीटर टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात जेमतेम एक सेंटिमीटर घाला. सशाचं तापमान साधारण १०१ ते १०४ फॅरनहाइट असतं. १००च्या खाली गेलं असेल तर ताप नाही म्हणून समाधान मानू नका. सशात खाली गेलेलं तापमान हे चढलेल्या तापाहून वाईट लक्षण आहे.

आता अंदाजपत्रक.

एक्स-रे कापू नका. तुम्ही सांगितलेले उंचवटे म्हणजे बहुधा दाढांची मुळं खाली वाढून हाडाला ढकलताहेत. सशाचे दात जन्मभर वाढतात, वर जागा मिळाली नाही की मुळाकडून वाढ दाबली जाते. एक्स-रेत नुसती लांबलेली मुळं दिसली तर घासून आराम पडेल. मुळाशी हाड खाल्लेलं दिसलं, गळू दिसलं, तर नुसत्या घासण्यावर घातलेले साडेनऊ हजार महिन्याभरात वाया जातील. सशाचा पू दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट असतो, चीर देऊन वाहून जात नाही. गळू पिशवीसकट काढावं लागतं आणि कित्येकदा दाढही. १,८०० रुपये वाचवून आंधळेपणाने पुढे जाण्यात अर्थ नाही.

भूल, तिच्यावरची देखरेख आणि वेदनाशामक, या तिन्हींत घासाघीस नको. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भुलेशी संबंधित मृत्यू कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के होते. सशांतले बहुतेक मृत्यू ऑपरेशन संपल्यावरचे होते. म्हणून नळी, गरम गादी, श्वासावर लक्ष आणि शुद्धीवर येईपर्यंत शेजारी माणूस, हे सगळं त्या साडेनऊ हजारांत आहे का ते विचारा.

रक्त कमी करता येईल. संपूर्ण पॅनेलऐवजी पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण), युरिया, क्रिएटिनिन आणि साखर एवढंच मागा. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक द्यायचं आहे, ससा कमी खातोय म्हणजे शरीरात पाणीही कमी असणार, अशा वेळी मूत्रपिंड ठीक आहे ना हे पाहायलाच हवं. साखर ग्लुकोमीटरवर एका थेंबात कळते. ३६०च्या वर गेली तर आतड्यात अडथळा असण्याची शक्यता वाढते. हजारेक रुपयांत हे बसावं.

तीन दिवस ठेवण्याचं ठरवून टाकू नका. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी, असं एक दिवसाचं मागा. कुत्र्यांच्या भुंकण्यात ससा खात नाही, आणि खाल्ल्याशिवाय तो बरा होत नाही. पण संध्याकाळी तापमान १००च्या वर आलेलं नसेल किंवा सिरिंजने दिलेलं गिळत नसेल, तर मात्र रात्र तिथेच काढू द्या.

औषधांत अँटिबायोटिक आणि टॉनिक असेल तर का, ते विचारा. नुसत्या टोकांना आणि जिभेच्या जखमेला बहुधा अँटिबायोटिक लागत नाही.

हिशेब: दोन दिवस कमी म्हणजे ५,००० गेले, रक्तात १,२००, औषधांत साधारण ६००. राहिले १६,७००.

आघाडा

केना यांच्याशी सहमत, एका गोष्टीत थोडा फरक. साखरेच्या एकट्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. नुसतं धरून ठेवल्याच्या भीतीनेही सशाची साखर चढते. पोट ढोलासारखं ताणलेलं, तापमान उतरलेलं आणि साखर चढलेली, असं तिन्ही जुळलं तर ती आणीबाणी.

खच्चीकरण यात उरकू नका. ३०० ग्रॅम वजन गेलेल्या सशाला भुलेचा प्रत्येक जादा मिनिट महाग पडतो. वजन परत येऊ द्या. नराचं खच्चीकरण थांबू शकतं. मादी असती तर वेगळं बोललो असतो, कारण गर्भाशय न काढलेल्या मादीत वयाबरोबर गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण खूप वाढतं. तिथे वेळेवर केलेलं ऑपरेशन हीच बचत.

घरची शुश्रूषा मन लावून केली तर दवाखान्यातले ते दोन दिवस सुटतात, म्हणून सविस्तर लिहितो. ऑपरेशनपर्यंतही हेच करायचं आहे.

सशाचे साधे पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या), ज्यात रंगीत तुकडे किंवा दाणे नाहीत असे, एक वाटी. दोन वाट्या गरम पाणी. वीस मिनिटं भिजू द्या, मिक्सरमधून काढा, पिठाच्या चाळणीतून गाळा, पातळ पिठल्याइतकं ठेवा. आयात केलेली तयार पावडर मिळते आणि ती चांगली असते, पण महाग. चार-पाच दिवसांसाठी हे पुरतं. दिवसाला किलोमागे ५० मिली धरा. १.८ किलोला ९० मिली, पाच वेळांत वाटून प्रत्येक वेळी १८. तो स्वतः काही खात असेल तर त्या मानाने कमी.

ससा टॉवेलमध्ये वळकटीसारखा गुंडाळा, पुढचे पाय आत. मांडीवर किंवा टेबलावर पोटावरच बसवा, उताणा कधीही नाही. सिरिंज पुढच्या दातांच्या मागे जी रिकामी फट असते तिथून, बाजूने आत घाला. एका वेळी अर्धा ते एक मिली. जबडा हलला, घोट गेला, मग पुढचा. घाई केली की अन्न श्वासनळीत जातं आणि चौथ्या दिवशी न्यूमोनिया उभा राहतो. मान वर उचलू नका. तुमच्या सशाच्या जिभेला जखम आहे, तेव्हा वेदनाशामक आधी द्या, तासाभराने भरवा. उलट क्रमाने केलं तर सिरिंज दिसताच तो तोंड मिटेल.

त्यात केळं, मध, दही, भाताची पेज, लहान मुलांचं सिरिअल काही मिसळू नका. पिष्ट आणि साखर त्याच्या आंधळ्या आतड्यात (सीकममध्ये) आंबते आणि वायू धरतो. पोट कडक ताणलेलं असेल तर भरवूच नका, आधी डॉक्टर.

रोज सकाळी त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. ताटलीत टॉवेल, काटा शून्य करून मग वर ससा. आणि लेंड्या मोजा. मोजा म्हणजे खरोखर मोजा, सकाळी किती आणि संध्याकाळी किती. सात-आठ तासांत पाचच पडल्या हे कागदावर दिसलं की फोन लवकर जातो.

मेलॉक्सिकॅमबद्दल: कुत्र्यांची १.५ मिग्रॅ प्रति मिली असलेली बाटली बहुतेक मिळते. तिच्यावरचं मोजमाप कुत्र्यांचं असतं. सशाला किलोमागे त्यापेक्षा बराच जास्त डोस लागतो. खोक्यावर पाहून दिलं तर दुखणं थांबत नाही आणि औषध लागू पडलं नाही असा गैरसमज होतो. डॉक्टरांकडून मिलीमध्ये लिहून घ्या आणि बाटली बाहेरून आणा.

सातारारोड

जागेबद्दल.

औंधला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, पुण्याहून सातारा रस्त्याने साधारण ५० किलोमीटर. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. सरकारी आणि धर्मादाय ठिकाणी शुल्क खाजगीच्या मानाने बरंच कमी असतं, काही औषधं बाहेरून आणावी लागतात. पण १.८ किलोच्या, नीट न खाणाऱ्या सशाला गाडीत घालून परळपर्यंत नेऊ नका. एक्स-रे आणि रक्तासाठी औंध किंवा शिरवळ चालेल का ते फोनवर विचारा, आणि मिळालेली फिल्म आताच्या डॉक्टरांना दाखवा. तेच काम दोनदा करायला लागू नये म्हणून त्यांना आधी सांगून ठेवा की बाहेरचा एक्स-रे आणतोय. दोन कोन हवेत: एक बाजूने आणि एक वरून. तिरपे दोन मिळाले तर आणखी चांगलं, कारण नुसत्या बाजूच्या फिल्ममध्ये डावी-उजवी मुळं एकमेकांवर येतात.

कुठेही जा, फोनवर तीन प्रश्न विचारा. पहिला: ऑपरेशनआधी किती वेळ उपाशी ठेवायचं? "रात्रीपासून काही देऊ नका" असं उत्तर आलं तर तिथे सशांचं काम कमी होतं. सशाला उलटी होतच नाही, रात्रभर उपास घातला तर आतडंच थांबतं. तोंडात घास राहू नये म्हणून तासभर आधी ताटली काढतात, एवढंच. दुसरा: दाढा कशाने घासता? तोंड उघडं ठेवायचा गॅग, गाल बाजूला धरायची साधनं आणि लांब बर (घासायचं फिरतं टोक) लावलेलं डेंटल मशिन, हे उत्तर हवं. भूल न देता कटरने टोक तोडून देतो असं कोणी स्वस्तात म्हणालं तर नको. दाढ उभी चिरते, चीर मुळापर्यंत जाते आणि गळू धरतं. तिसरा: कुठलं अँटिबायोटिक वापरता? पोटातून अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन सशाला द्यायचं नाही. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी वाढतात आणि ससा जाऊ शकतो. मोठ्या जनावरांत मुरलेल्या चांगल्या डॉक्टरांकडूनही हे सवयीने लिहिलं जाऊ शकतं, म्हणून तुम्ही नम्रपणे विचारा.

हिशेबवही

पैशांची बाजू.

१६,७०० धरले तर तुमची तूट ४,७०० आहे. दाखल करण्याआधी, बिल हातात पडल्यावर नव्हे, डॉक्टरांना सरळ सांगा: आज १२,००० आहेत, बाकी दोन हप्त्यांत देतो, चालेल का? आणि अंदाज टप्प्यांनी लिहून मागा. टप्पा एक एक्स-रे आणि रक्त. टप्पा दोन घासणं. टप्पा तीन, गुंतागुंत झाली तर. प्रत्येक टप्प्यापुढे किमान आणि कमाल आकडा. भुलेखाली एक्स-रेत गळू निघालं तर पुढे जायचं की थांबायचं, हेही आधी बोलून घ्या. ससा टेबलावर असताना फोनवर ठरवायची ती गोष्ट नव्हे.

बिलावर जीएसटी पाहा. पशुवैद्यकीय दवाखान्याने जनावराच्या उपचारासाठी दिलेली सेवा करमुक्त आहे. तपासणी, ऑपरेशन, दाखल ठेवणं यांवर १८ टक्के लावलेले दिसले तर विचारा. दुकानातून विकलेलं औषध आणि खाद्य यांवर कर असतो, त्यामुळे बिलात दोन्ही वेगळं दाखवलेलं हवं.

विम्याची आशा धरू नका. आपल्याकडच्या पाळीव प्राण्यांच्या पॉलिसी मुख्यतः कुत्र्यांच्या, काही मांजरांच्या. राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या विम्यात ससे येतात, पण ती योजना पशुपालकांसाठी आहे आणि जनावर मेलं तर भरपाई देते, उपचाराचा खर्च नाही. "सशाचा विमा" असं शोधून लोक तिथे पोचतात आणि वेळ घालवतात.

मिलाप, केटो या लोकवर्गणीच्या संकेतस्थळांवर प्राण्यांसाठी निधी उभा करता येतो. त्यासाठी लेटरहेडवरचा अंदाज आणि निदान हातात हवं. पण पैसे यायला दिवस लागतात, आजच्या ४,७०० साठी तो मार्ग नाही. क्रेडिट कार्डाचा हप्ता घेतलात तर व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी धरून एकूण किती होतं ते आधी काढा. एवढ्या रकमेला नातेवाइकांकडून दोन महिन्यांचे हातउसने बरे.

आता खरा आकडा. पहिलं बिल मोठं दिसतं, पण ओझं पुढच्या बिलांचं आहे. सुरुवातीला दोन ते चार महिन्यांनी घासावं लागतं असं धरा. पुढच्या वेळी दाखल ठेवणं नाही, सगळं रक्त नाही, दर वेळी एक्स-रे नाही, तर साधारण १०,००० पडतील. वर्षात तीनदा म्हणजे ३०,०००, चारदा म्हणजे ४०,०००. महिन्याला २,५०० ते ३,३५० रुपयांची आवर्ती ठेव आजपासून वेगळी. हे जमणार नसेल तर ते आत्ताच मान्य करणं सशासाठीही बरं. मधल्या मधे टाळलेलं घासणं म्हणजे जखमेवर जखम आणि उपाशी ससा. डॉक्टरांना फेरघासणीचा दर विचारा, नेहमीच्या रुग्णाला पुष्कळ जण कमी लावतात.

केना

हिशेबवही यांनी जे हळुवार सांगितलं ते मी स्पष्ट लिहिते, कारण अशा धाग्यांवर ते कोणी लिहीत नाही. एक्स-रेत दोन्ही बाजूंच्या मुळांशी हाड पोखरलेलं निघालं आणि वर्षभर ऑपरेशनं करण्याची ऐपत नसेल, तर दुखणं थांबवून शांतपणे निरोप देणं हाही उपचार आहे. त्याबद्दल डॉक्टरांना विचारताना अपराधी वाटून घेऊ नका. घरी नुसती कोथिंबीर देत दिवस काढणं त्यापेक्षा कितीतरी कठोर आहे.

अंगणातला_ससा

सगळ्यांचे मनापासून आभार. लेंड्या आज सकाळी ३१, तापमान १०१.६. डॉक्टरांनी टप्प्यांनी अंदाज लिहून दिला, एक दिवस दाखल ठेवायला तयार आहेत, बाकीची रक्कम दोन हप्त्यांत घेतील. ऑपरेशन परवा. ठेव चालू करतो.

दोन शंका राहिल्या. घरी आणल्यावर किती वेळात खायला हवं? आणि आयात टिमोथी गवत परवडत नाही म्हणून पेलेट जास्त देत होतो. ते याच्या मुळाशी आहे का?

आघाडा

शुद्धीवर आल्यावर तीन-चार तासांत काहीतरी तोंडात घ्यायला हवं. नाही घेतलं तर वाट न पाहता सिरिंज सुरू करा, अर्ध्या मात्रेने. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लेंडी पडलीच पाहिजे. पहिले दोन दिवस जबडा दुखतो, तेव्हा कोथिंबीर, मुळ्याचा पाला, पुदिना बारीक चिरून ओला द्या. बरोबर नेताना पिंजऱ्यात घरचाच टॉवेल आणि त्याचं रोजचं गवत ठेवा, शुद्धीवर येताना ओळखीचा वास मदत करतो.

पेलेटचं: हो, बराचसा संबंध आहे, जातीचा आणि जबड्याच्या ठेवणीचाही असतो. पेलेट चुरताना जबडा वर-खाली चालतो. गवत दळताना आडवा चालतो, जात्यासारखा, आणि दाढा त्या आडव्या चालीनेच झिजतात. खालच्या दाढांची टोकं जिभेकडे आणि वरच्यांची गालाकडे वाढतात ती ही चाल कमी पडल्यामुळे. पेलेट दिवसाला दोन चमचे पुरे, पण हे वजन परत आल्यावर. आत्ता कापू नका.

टिमोथीच हवं असं काही नाही. वाळलेलं डोंगरी गवत, मारवेल, पवन्या, ओली हरळी, हे चालतं. गोठेवाल्याकडून पेंढीने घेतलं तर आयात गवताच्या मानाने खर्च फारच कमी. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम जास्त असतं आणि लघवीत गाळ धरतो. ज्वारीची कोवळी ताटं नकोत, त्यांत विष असतं.

पेंढी घरी आणली की कागदावर उलगडा. करडी बुरशी, कुबट वास असेल तर सगळी टाका. गाजरगवत आणि घाणेरी काडी-काडी वेचून काढा. वाळल्यावर गाजरगवताची पानं चुरा होऊन तळाशी बसतात, म्हणून पेंढी आधी झटका आणि खाली पडलेला चुरा सशाला घालू नका.